रावळगाव, पान पसंद, लिमलेट : तुमची गोळी कुठली?

पाटीपेन्सिल

भाच्याचा वाढदिवस आलाय. वर्गात काय वाटायचं म्हणून वहिनीनं शाळेचं परिपत्रक दाखवलं : गोळ्या, चॉकलेटं, केक आणू नये, पेन्सिल, खोडरबर किंवा छोटं रोप चालेल. रोप! वर्गात बेचाळीस पोरं आहेत. रिक्षातून बेचाळीस तुळशी कशा न्यायच्या ते परिपत्रकात लिहिलेलं नाही.

आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. आई वाण्याकडून रावळगावच्या गोळ्यांचं पाकीट आणायची. नवा फ्रॉक, पहिला तास संपला की बाई म्हणणार, "हं, वाट आता." प्रत्येकाला एक, बाईंना दोन, आणि खास मैत्रिणीच्या मुठीत बाकाखालून आणखी एक. बघून उचलायची नाही, हात घालून येईल ती घ्यायची असा आमच्या वर्गाचा कायदा होता. कॉफीची निघाली की पोरांची तोंडं पडायची. मला मात्र कॉफीचीच हवी असायची, कारण घरी कॉफी फक्त पाहुणे आले की व्हायची आणि आम्हाला मिळायचा नुसता वास.

शिवाय ते कागद! दोन्हीकडचा पीळ अलगद सोडवायचा, मांडीवर ठेवून नखानं सपाट करायचा आणि भूगोलाच्या पुस्तकात दाबून ठेवायचा. रंगीत पारदर्शक कागद मिळाला तर सोनंच. डोळ्यासमोर धरला की गल्ली, म्हैस, शेजारचे काका, सगळं लाल.

तर धागा एवढ्यासाठी : तुमची गोळी कुठली, कुठे मिळायची, आणि आता कुठे मिळते का? अट एकच. रुपयाच्या आतली हवी. वाढदिवसाला आत्यानं दिलेलं मोठं चॉकलेट इथे चालणार नाही.

कट्टेकर

पान पसंद! विषय संपला.

"पान पसंद, पान का स्वाद, गजब की मिठास." दूरदर्शनवर जाहिरात लागायची. आधी फाडकन बोलणारी बाई, मग तोंडात गोळी, आणि तेच वाक्य एकदम मधात बुडवून. आमच्या वाड्यात वर्षभर सगळे तसंच बोलत होते. आई "अभ्यास केलास का?" हे आधी खेकसून आणि लगेच लाडात म्हणून दाखवायची.

पोरांनी विडा खाल्ला तर जीभ जड होते असं आजीचं ठाम मत. त्यामुळे पंगतीनंतर मोठे लोक पान जमवत बसले की आम्ही नुसते बघणार. पान पसंद ही त्यावरची पळवाट होती. आजीला ते "चॉकलेट" आहे असं सांगितलं की तिची हरकत नसायची.

घाटावरची

मस्त धागा! पण कुणी चिमणीच्या दातांबद्दल लिहिलंच नाही?

एकच गोळी आणि खाणार दोघी. मग फ्रॉकच्या घेरात किंवा शर्टाच्या टोकात गोळी गुंडाळायची आणि वरून दातांनी कट्कन फोडायची. कापड मध्ये असल्यामुळे उष्टं होत नाही. हा नियम महाराष्ट्रभर सगळ्या पोरांना कुणी शिकवला देव जाणे. तुकडे कधीच सारखे व्हायचे नाहीत. मोठा कुणाला यावरून भांडण, मग लहान तुकडा घेणारीला कापडाला चिकटलेला चुरा चाटायचा हक्क. माझ्या शाळेच्या ब्लाउजच्या डाव्या टोकाला कायम एक कडक, गुलबट ठिपका असायचा. आई धुताना ओळखायची की आज कुठल्या रंगाची होती.

पाटीपेन्सिल

@घाटावरची, चुरा चाटायचा हक्क हे फारच न्याय्य आहे. आमच्याकडे "जो फोडतो तो शेवटी उचलतो" असं होतं.

गुळाचा_खडा

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं). लिमलेट. फक्त लिमलेट. संत्र्याच्या फोडीच्या आकाराची, वरून साखर लावलेली. पाच पैशाला एक, चार आण्याला पाच. सुरुवातीला टाळू खरवडून निघायची, मग गुळगुळीत व्हायची, आणि शेवटी इतकी पातळ की कडेनं जीभ कापायची.

मोसमकाठ

मी मालेगावचा, त्यामुळे या धाग्यावर माझा पहिला हक्क आहे असं समजून जरा लांबण लावतो.

बऱ्याच जणांना रावळगाव हे कंपनीचं नाव वाटतं. ते गाव आहे. आमच्या मालेगाव तालुक्यात, कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात. दी रावळगाव शुगर फार्म ही कंपनी १९३३ ची, वालचंद हिराचंद यांची. मूळचे सोलापूरचे. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनची जहाजं, बंगळूरचा हिंदुस्थान एअरक्राफ्ट, प्रीमियर ऑटोमोबाइल्स, ही सगळी त्याच माणसाची कामं. विमान आणि मोटार काढणाऱ्यानं पोरांच्या गोळ्याही काढल्या, याचं मला लहानपणी फार कौतुक वाटायचं. गोळ्या सुरू झाल्या १९४२ मध्ये. साखर घरची होती, तिचं आणखी काय करता येईल, असा सरळ हिशेब असणार.

माझा एक मामा तिथे कामाला होता. तो आला की शर्टाला गोड, जरा करपट वास यायचा. मामी म्हणायची, आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसू नका, मुंग्या येतील. मामाच्या खिशात तुटक्या, पीळ न बसलेल्या गोळ्या असायच्या. आम्हा भाचरांना कागदातली गोळी ही परकी वाटायची. आमची गोळी म्हणजे खिशातल्या तंबाखूच्या पुडीशेजारून आलेली.

आता बातमीचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये हे सगळे गोळ्यांचे ब्रँड रिलायन्स कन्झ्युमरनं २७ कोटींना घेतले. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक, तुटी फ्रुटी, चोको क्रीम, सुप्रीम, सगळे. गेलं काय, तर नावं, ट्रेडमार्क आणि पाककृती. जमीन, इमारती, यंत्रं मूळ कंपनीकडेच राहिली. म्हणजे रेसिपी गेली, भट्टी गावात.

दर्यावर्दी

२७ कोटी? दक्षिण मुंबईत दोन बरे फ्लॅट येतात तेवढ्यात. ८० वर्षांची आठवण आणि एवढीच किंमत?

मोसमकाठ

आठवणीला बाजारभाव नसतो हो. विक्रीच्या आकड्याला असतो.

हिशेबनीस

@दर्यावर्दी, किंमत कमी का, ते गोळीच्या भावातच आहे. कंपनीनं विकताना दिलेली कारणंही तीच : संघटित आणि असंघटित दोन्ही बाजूंनी स्पर्धा, कच्चा माल, वीज आणि मजुरी महागली, आणि भाव वाढवता आला नाही.

भाव वाढवता आला नाही, यावर जरा थांबा. साबण महागला तर कंपनी ३४ चा ३६ करते, कुणाला कळतही नाही. गोळीचं तसं नाही. गोळी नाण्यावर विकली जाते. चार आण्याची गोळी पाच पैशांनी महाग करायची म्हटलं तर तीस पैसे द्यायचे कशात? सरळ आठ आणे करावे लागतात, म्हणजे भाव दुप्पट आणि गिऱ्हाईक दुसऱ्या बरणीकडे. मग पर्याय एकच, गोळी लहान करा. ३० जून २०११ पासून चार आण्याचं नाणंच बंद झालं, तेव्हा खालची पायरीच गेली. आठ आण्याचं नाणं कायद्यानं अजून चालतं, पण कुठला वाणी घेतो सांगा. उरला रुपया. रुपयाला देणार तर तेवढं काहीतरी त्यात हवं. २०१५ च्या सुमाराला कैरीची पल्स आली ती त्याच जागेवर येऊन बसली : रुपयाला एक, आत मीठ-मसाला, आणि पोरं चोखायच्या आत चावून मसाल्यापर्यंत पोचायची.

जुन्या गोळीत असं "पुढे काय" नव्हतं. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच असायची. मला ती तशीच आवडायची, पण बाजार माझ्या आवडीवर चालत नाही.

गल्ल्यावरून

नमस्कार. माझं किराणा दुकान आहे, वडिलांपासून. गोळीत नफा कधीच नव्हता, तिचं खरं काम सुट्ट्यांचं होतं. "दोन रुपये सुटे नाहीत, गोळ्या घ्या." लोक चिडायचे, पण घ्यायचे. काही काकू त्याच गोळ्या साठवून पुढच्या वेळी आमच्याच गल्ल्यावर ठेवायच्या, "हे धरा तुमचे सुटे." वडील गुपचूप घ्यायचे. आता काउंटरवर क्यूआर चिकटवलाय, साडेसत्तेचाळीस झाले तर साडेसत्तेचाळीसच येतात. सुट्ट्यांचा प्रश्न मिटला आणि बरण्यांचा धंदा अर्ध्यावर आला.

बरणी ठेवायची पण एक रीत असते. काचेची, तिरकी, झाकण गिऱ्हाइकाकडे नाही, आपल्याकडे. पावसाळ्यात झाकणाखाली कागदाचा थर. पोराची नजर जिथं येते त्या फळीवर सगळ्यात रंगीत माल. वडिलांनी मला हिशेबाच्या आधी हे शिकवलं.

आजोबा_ऑनलाइन

तुम्ही सगळे कागदातल्या गोळ्यांचे लोक. आमच्या लहानपणी साखर रेशनवर. घरात चहाला गूळ. त्यामुळे १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की गुरुजी रांगेतून फिरत तळहातावर दोन लिमलेट ठेवायचे, ती वर्षातली मोठी घटना. एक लगेच, एक घरी धाकट्या भावाला. घर येईपर्यंत ती मुठीत वितळून हात रंगलेला असायचा. भावाला रंग मिळायचा, गोळी क्वचित.

आणि बॉम्बे मिठाईवाला आठवतो का कुणाला? खांद्यावर जाड बांबू, त्याच्या टोकाला गुलाबी-पांढऱ्या पाकाचा गोळा कापडात गुंडाळलेला, वर एक बाहुली. दोरी ओढली की बाहुली टाळ्या वाजवायची. पैसे दिले की तो पाक ओढून ओढून मनगटावर घड्याळ करून द्यायचा. मोर, अंगठी, सायकल पण करायचा, पण आम्ही सगळे घड्याळच मागायचो. घरी कुणाच्याच मनगटावर खरं नव्हतं. घड्याळ बांधून गावभर हिंडायचं, आणि मग संध्याकाळी खायचं.

घाटावरची

आजोबा, संध्याकाळपर्यंत टिकायचं? आमचं काटा फिरायच्या आत पोटात.

वऱ्हाडी_ठेचा

काय राजेहो, सगळे साखरेवरच अडकले. आमच्या इकडं शाळेसमोर बुढीच्या पाटीत बोरकूट असायचं. कागदाच्या पुडीत, तिखट-मीठ लावलेलं. पुडी तशीच तोंडात उलटी करायची, अन् ठसका लागला का मास्तरच्या लक्षात यायचं का तास चालू असताना कोण काय खाऊन राह्यलं. त्याच्यासंगं जिरागोळी, चिंचगोळी. गोड गोळी फक्त पाहुणा आला तर. कोणी म्हणन हे गोळी नाही. असू द्या. रुपयाच्या आत होतं ना? धागाकर्तीची अट तेवढीच होती.

पाटीपेन्सिल

बोरकूट मंजूर! अटीत बसतंय :)

नाठाळ

विरजण घालतो, माफी असावी.

साखर, मक्याचं ग्लुकोज, आम्ल, रंग, इसेन्स. यात "ती चव गेली" म्हणजे नक्की काय गेलं? महिन्यात दोन गोळ्या मिळायच्या, म्हणून अमृत वाटायच्या. आज पिशवीभर आणून खा, तिसरीला तोंड वाकडं कराल. शिवाय त्या काळात हातगाडीवर कुठले रंग वापरायचे, कुणी तपासत होतं का? म्हातारीच्या केसांवर तमिळनाडूनं २०२४ मध्ये बंदी घातली ती कशासाठी? रोडामाइन-बी, कापड रंगवायचा रंग सापडला म्हणून. शाळेनं रोप आणा म्हटलं तर मला त्यात गैर काहीच दिसत नाही.

रसायन_सर

नाठाळ यांचं अर्धं बरोबर. पुढचं लांब आहे, पण कुणीतरी सांगायलाच हवं.

रंगाचं आधी. आपल्याकडे खाण्याच्या पदार्थांत मोजकेच कृत्रिम रंग चालतात आणि त्यांना किलोला १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. नावाजलेल्या कंपनीच्या गोळीला ही चौकट असते. पाटी न लावता विकणाऱ्याला नसते. त्यामुळे दोन्हींना एका तागडीत घालू नका. मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त गोड आवडतं हेही खरं, तेव्हा जीभ बदलते हा मुद्दा मान्य.

पण गोळी "नुसती साखर" नसते. पाक तुम्ही घरी करता : एकतारी, दोनतारी, गोळीबंद. त्याच्या पुष्कळ पुढे, साधारण १५० अंशांपर्यंत नेला की पाणी दोन-तीन टक्केच उरतं. तो पाक गार करताना साखरेला पुन्हा खडे व्हायची घाई असते. ती अडवायला ग्लुकोज घालतात. खडे झाले नाहीत तर काचेसारखी कडक, पारदर्शक गोळी मिळते. आंबटपणासाठीचं आम्ल अगदी शेवटी, पाक भट्टीवरून उतरवल्यावर, थंड ओट्यावर मळताना. आधी घातलं तर उष्णतेनं साखर फुटते आणि गोळी दोन दिवसांत पाझरायला लागते. मग मळलेला गोळा लाटून लांब दोरी काढायची आणि साच्यातून गरम असतानाच ठोकत जायचं. उशीर झाला की तुटते, घाई केली की चपटी होते. मोसमकाठ यांच्या मामांच्या खिशातला माल तिथलाच.

आजोबांची बॉम्बे मिठाई म्हणजे तोच पाक, फक्त ओढलेला. ओढताना हवा शिरते आणि पारदर्शक पाक रेशमी, पांढरट दिसायला लागतो.

म्हणून "चव गेली" असं कुणी म्हणालं तर मी हसणार नाही. आम्ल किती, ग्लुकोजचं प्रमाण काय, इसेन्स कुठला, गोळीचा आकार केवढा, यातलं एक जरी बदललं तरी तोंडात ती वेगळी विरघळते. गोळी लहान केली तर चव तीच असली तरी वेळ कमी होतो. आपण लहानपणी वेळही मोजायचो. कुणाची जास्त टिकते, अशी पैज लावायचो की नाही?

कट्टेकर

पैज! जीभ बाहेर काढून दाखवायची, किती उरली ते. जो चावेल तो बाद. मी एकदा गालात ठेवून झोपलो, सकाळी उशीला मुंग्या.

लोकल_पकडणारी

पार्ल्याचं कुणीच कसं लिहिलं नाही? पार्ले १९२९ चं, विलेपार्ल्यातलं, आणि सुरुवात बिस्किटानं नाही, गोळ्या-टॉफीनं झाली. बिस्किटं दहा वर्षांनी आली. वेलचीची किस्मी १९६३ ची. लांबट, लाल कागद, दातांत अशी बसायची की पुढचा अर्धा तास बोलणं बंद. आमच्या बाई वर्गात शांतता हवी असली की किस्मी वाटायच्या असा माझा दाट संशय आहे.

कॉलेजला जाताना पार्ला स्टेशन जवळ आलं की डोळे मिटलेले असले तरी कळायचं. कारखान्याचा वास थेट डब्यात. २०१६ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. आता दरवाजाशी उभी राहते तेव्हा पार्ला आणि अंधेरीत काही फरकच कळत नाही.

कट्टेकर

आणि रोला कोला! २०१९ मध्ये ट्विटरवर एकानं परत आणा म्हणून विचारलं, पार्ले म्हणालं दहा हजार रिट्विट आणा. लोकांनी आणले. गोळी परत आली. म्हणजे मागितलं तर मिळतं कधीकधी.

नाठाळ

मग आता पुन्हा किती जण रोज घेताहेत?

कट्टेकर

ते तुम्ही विचारायचं नसतं.

आंगणेवाडी_रिटर्न

कोकणातून हजेरी. आमच्या आठवणीत बरणी नाही, जत्रेतला ढीग आहे. मालवणी खाजा. बेसनाची कांडी तळलेली, वर गूळ आणि आल्याचा पाक. आंगणेवाडीच्या जत्रेत पेट्रोमॅक्सच्या उजेडात डोंगर लागलेले असायचे. गोव्यातही खाजें आहे, फेस्ताच्या फेरीत त्याशिवाय घरी परतत नाहीत, आणि गोव्याच्या खाज्याला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यावरून माझं आणि म्हापशाच्या आतेभावाचं दरवर्षी वाजतं. तो म्हणतो, शिक्का आमच्याकडे. मी म्हणतो, आलं आमच्याकडे जास्त.

जत्रेतून आलेला खाजा शेजारीपाजारी वाटायचा, पोरांच्या वाट्याला डब्याच्या तळाला उरलेला गुळाचा लगदा. तोच खरा.

डोंगरवाट

एस.टी. लागायची ना तुम्हाला? मला पंढरपूरच्या अलीकडेच लागायची. आई पर्समध्ये लिमलेट, आवळा सुपारी आणि अर्धं लिंबू घेऊन बसायची. घाट सुरू व्हायच्या आधी "तोंड उघड" म्हणून गोळी आत. थांब्यावर "आल्लेपाऽऽक" ओरडत पोरगा खिडकीशी यायचा, त्याच्याकडून वडी. त्यामुळे माझ्यासाठी लिमलेटची चव म्हणजे डिझेल, रेक्झिनची सीट आणि खिडकीतून येणारा वारा. घरी बसून तीच गोळी खाल्ली तर थोडं मळमळतं. खरंच सांगतेय.

अटलांटाकर

इकडच्या भारतीय दुकानात किस्मी, मँगो बाइट मिळतात, पान पसंदही एकदा दिसली होती. लेकीला मोठ्या हौसेनं एक दिली. तिनं आधी मागे छापलेले घटक वाचले, मग म्हणाली, "बाबा, यात पान कुठे आहे?" पुढे मी जाहिरातीतला आवाज काढून दाखवला. ती शांतपणे उठून गेली.

पाटीपेन्सिल

@अटलांटाकर 😀

फँटम सिगारेट मात्र कुणीच काढली नाही. पांढरी कांडी, टोकाला लाल. थंडीत सकाळी शाळेत जाताना तोंडातून वाफ यायची, त्यामुळे अभिनय आणखी खरा वाटायचा. आमच्या पीटीच्या सरांनी एका पोराला त्यासाठी खरंच उभं केलं होतं आणि मग स्वतः चावून खात्री केली. उरलेली कांडी परत दिली नाही.

सुगरण_नवशिकी

रसायन सरांचं वाचून रविवारी लिमलेट करून बघितल्या. प्रमाण हवं असेल तर : दोन वाट्या साखर, पाऊण वाटी लिक्विड ग्लुकोज, अर्धी वाटी पाणी. साखर विरघळली की ढवळणं बंद. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा. बोटात दाबल्यावर लवला तर अजून वेळ आहे, टक्कन तुटला की गॅस बंद. जरा निवल्यावर अर्धा चमचा लिंबाचं फूल, संत्र्याचा इसेन्स, चिमूटभर रंग. तूप लावलेल्या ताटात ओतलं आणि कडा घट्ट व्हायला लागल्यावर कात्रीनं कापलं. पिठीसाखरेत घोळवून लगेच बरणीत. पोरांना ओट्यापासून लांब ठेवा, हा पाक हाताला लागला तर सुटत नाही, फार भाजतं.

आंबटपणा जमला. आकार मात्र संत्र्याच्या फोडीचा नाही, कोकणच्या नकाशाचा झालाय. सासूबाईंनी दोन खाल्ल्या आणि तिसरी कमरेला खोचली, म्हणजे पास.

घाटावरची

कमरेला खोचली! यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही.

गल्ल्यावरून

@सुगरण_नवशिकी, ताई, पिठीसाखरेत चमचाभर कॉर्नफ्लोअर टाका, पावसाळ्यात चिकटणार नाहीत. आणि विकायच्या असतील तर सांगा, एक बरणी रिकामी आहे.

हिशेबनीस

किती पडली एक?

सुगरण_नवशिकी

गॅस आणि माझी मेहनत धरली तर सव्वा रुपया. @पाटीपेन्सिल, तुमच्या अटीतून बाद.

पाटीपेन्सिल

बाद नाही, मेहनत सोडून मोजू. भाच्याच्या वाढदिवसाला घरच्या पोरांसाठी करते आहे मी पण. शाळेत खोडरबर, घरी लिमलेट असं ठरलंय.

सुगरण_नवशिकी

करा करा. फक्त कुणीतरी हे सांगा, पातेल्याच्या तळाला जो थर बसलाय तो कसा काढू? सुरीनं टोचून झालं, हलतही नाही.

रसायन_सर

टोचू नका. पातेलं काठोकाठ पाण्यानं भरा आणि गॅसवर उकळत ठेवा. साखरच आहे ती, आपोआप विरघळेल. कात्री पण त्यातच टाका.